चिलटांचा हंगाम

आप्पांचा जबडा उघडेना. चमच्याचं टोक दातांत घालून पाहिलं, गाल दाबून पाहिला, पण दातांवर दात बसले ते बसलेच. अंग तव्यासारखं तापलेलं. हात उचलायला जावं तर सगळा माणूस त्या हाताबरोबर उचलला जाई, इतकं अंग आखडलेलं. डोळे मात्र उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते. माझा नवरा माझ्यासमोर लाकूड होत चालला होता. उमा, यांची भाची, पुण्याहून दिवाळीला आलेली, नुकतीच उंबऱ्याच्या आत आली होती. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली नव्हती. फळीवरचं गोळ्यांचं पाकीट तिनं उचललं आणि उलटंपालटं करून बघितलं.

"मामी, ह्या तशाच हायत. कव्हापासून बंद हाय गोळी?"

"परवापासून. तोंडात काईच घेईनात."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी न्हाई. पूजेत गळ्यातलं लिंग पडलं हातातून."

उमा कॉलेजची वर्षं आमच्याच घरात राहिलेली, त्यामुळे पुढचं तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मामी, हे दुखणं वाढलेलं न्हाई. गोळी एकदम तोडली म्हणून झालंय हे. आत्ता दवाखान्यात न्यायचं. न्हाईतर मामा जातील."

हे तिनं आप्पांच्या समोरच म्हटलं. ते ऐकत होते. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

याला आता काही वर्षं झाली. आज आठवायचं कारण एवढंच, की काल रशीदभाईंनी सीताफळांची पाटी पाठवली. केजच्या बसस्टँडजवळ आमचं गुळाचं दुकान आणि त्याला लागून रशीदभाईंचा फळांचा ठेला. उभा जन्म आम्ही शेजारी काढला. डोंगरातली सीताफळं उतरायला लागली की पहिली पाटी आमच्या घरी येते. फळाच्या डोळ्यांमधल्या भेगा पिवळट झाल्या की मी ती कडब्यात झाकून ठेवते. संध्याकाळपर्यंत घरभर गोड, जड वास सुटतो. आणि वासामागोमाग चिलटं येतात. कुठून येतात कोण जाणे. दार लावा, खिडकी लावा, तरी ती आहेतच. चहात, डोळ्यांत, देवाच्या ताटात. हा वास आला की लोकांना दिवाळी आठवते. मला आप्पांचा जबडा आठवतो. यात फळाचा काही दोष नाही.

मी जन्मभर चिलटं फडक्यानं हाकलली. उमा पुण्यात ती बाटल्यांत पाळते. तेच तिचं काम आहे. लहानपणापासून तिला त्यांचा नाद होता असं कोणी म्हणेल तर ते खोटं. कॉलेजसाठी ती नांदूरघाटहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा दुकानात बसून गुळावरची चिलटं बघून नाक मुरडायची. पुढं शिकत शिकत ती शास्त्रज्ञ झाली, डॉक्टर झाली, पण औषध देणारी डॉक्टर नव्हे. केजमधल्या लोकांना हे कधीच पटलं नाही. दिवाळीला आली की कोणीतरी गुडघा घेऊन बसलेलं असायचं. "डॉक्टर हाय ना? मग दे की एक इंजेक्शन." ती नाही म्हणाली की म्हणायचे, "आरं, ही चिलटांची डॉक्टर. माणसाचं हिला काय कळतंय!" ती हसायची. मला राग यायचा, पण मलासुद्धा तोवर नीट सांगता आलं नसतं की ही पोरगी करते काय.

आप्पांचा हात पहिल्यांदा हलला तो तराजूवर. ढेप फोडून गूळ पारड्यात टाकला की काटा स्थिर होईना. गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, काटा कावून हालवताव?" आप्पांना ते लागायचं. मापात मारणारा माणूस नव्हता तो. मग ते एक खडा जास्त टाकायचे आणि हात मांडीखाली दाबून बसायचे. पुढं चालताना पाऊल अडकायला लागलं, सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी बरी वर्षं गेली. गोळी पोटात गेली की थोड्या वेळानं हात निवायचा. गोळी उतरली की पुन्हा सुरू.

आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि नजर लावून बसायचं. ही पूजा होईपर्यंत आप्पा पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. त्यांच्या वडलांनी घेतला नाही, आज्यानं घेतला नाही. म्हणजे रात्रीची गोळी उतरलेली आणि सकाळची अजून घेतलेली नाही, अशा नेमक्या वेळेला तळहात सरळ धरायचा. हात नाचायचा. पान पडायचं, पुन्हा उचलायचे. पूजा लांबायची, तसतशी गोळी लांबायची, तसतसा हात जास्त नाचायचा. मी म्हणायची, "अहो, गोळी घेऊन बसा." ते म्हणायचे, "आधी देव, मग पोट." मी म्हणायची, "देवाला हालतंय ते." त्यावर ते पडलेलं पान पुन्हा उचलायचे.

आणि त्या दिवाळीच्या तोंडावर लिंग हातातून सुटलं. फरशीवर आपटलं आणि गडगडत कोपऱ्यातल्या जात्यापाशी जाऊन थांबलं. बारीकसाच आवाज झाला. आप्पा तिकडं बघत राहिले. जुन्या माणसांत लिंग असं अंगावेगळं होऊन पडणं म्हणजे जीव गेल्यासारखंच धरतात. मी ते उचलून देव्हाऱ्यात ठेवलं, पण आप्पांनी हात पुढं केला नाही. स्वामी येऊन बांधतील तेव्हा बांधतील, तोवर तोंडात काही घेणार नाही, म्हणून बसले. स्वामी म्हणजे आमच्या घराण्याचे गुरू. ते लिंबागणेशला कोणाकडे गेलेले, आणि फोन लागत नव्हता. मी म्हटलं, जेवू नका, पण गोळी तरी घ्या.

"गोळी कुठं जाती मग? पोटातच ना?"

एवढ्यावर बोलणं संपलं. मी आरडाओरडा केला की पाण्याचा घोट घ्यायचे, तोही माझ्यावर उपकार केल्यासारखा. पहिल्या दिवशी ते खाटेवरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी कूस बदलता येईना. तिसऱ्या दिवशी ताप चढला, लघवी चहाच्या रंगाची झाली आणि जबडा बसला. असं मरण मला मान्य नव्हतं. म्हातारपणानं मेले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण हातातून एक वस्तू पडली म्हणून सगळा माणूस बंद?

रशीदभाईंचा टेम्पो ठेल्यापुढं सीताफळाच्या पेट्यांनी भरलेला उभा होता. उमा पळत गेली. रशीदभाई स्वतः आत आले, आप्पांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "भाभी, गादी आणा. पेट्या उतरवायला टाइम न्हाई, वरच टाकू." अशी आमची वरात अंबाजोगाईला निघाली. खाली सीताफळं, वर गादी, गादीवर आखडलेले आप्पा. खड्डा आला की खालचं एखादं फळ फुटायचं आणि वास भसकन वर यायचा. चिलटांचा घोळका बरोबरच. उमा ओढणीनं आप्पांच्या तोंडावरची हाकलत होती. मी म्हटलं, "उमे, तुझी जनावरं आली बघ सोबतीला." ती हसली नाही. माझंही हसू ओठातच राहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना उमानं गोळीचं पाकीट दाखवलं आणि कधीपासून बंद ते सांगितलं. त्यांना लगेच कळलं. नाकातून नळी घालून गोळीचं पाणी पोटात सोडलं, सलाइन लावलं, ओल्या फडक्यांनी अंग निववत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांची बोटं उलगडली. जबडा सैल झाला. आणि हात हलायला लागल्यावर त्या हातानं त्यांनी पहिलं काम काय केलं? नाकातली नळी उपसून काढली.

नर्स ओरडली. उमा हात जोडून उभी राहिली. "मामा, असं करू नका. पुन्हा तसंच होईल. ह्या टायमाला वाचणार न्हाई तुमी."

आप्पांनी मान हलवली. शुद्धीत होते, समजून उमजून नाही म्हणत होते.

माझं ऐकणार नाहीत हे मला लग्नापासून माहीत आहे. खाली आले. रशीदभाई टेम्पोत बसून फुटकी सीताफळं निवडून बाजूला काढत होते. म्हटलं, "भाई, स्वामींना आणावं लागंल." त्यांनी हात पुसले. "कुठं हायत?" लिंबागणेश म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. किल्ली फिरवली.

दिवेलागणीला स्वामी आले, वाटेत केजला थांबून आमच्या देव्हाऱ्यातलं लिंग घेऊन. भगवे कपडे, कपाळाला भस्म आणि पायाला सीताफळाचा चिकटा. खाटेपाशी येऊन उभेच राहिले.

"काशिनाथ, उपास कुणाला विचारून धरला?"

आप्पा कसेबसे म्हणाले, "लिंग पडलं, स्वामी."

"पडलं. तर मला सांगायचं. मी येतो, पूजा करतो, पुन्हा बांधतो. त्यासाठीच मी हाय. मरायचं कुणी सांगितलं? शिक्षा ठरवणारा तू कोण?"

स्वामी खाटेवर वाकले.

"मी जित्ता असताना तूच गुरू झालास का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला बघायला. उमानं संधी साधली. "स्वामी, सकाळची गोळी पूजेच्या आधी घेतलेली चालंल का? उपाशीपोटीच घ्यायची असती ती. तासाभरात हात थांबतो, मग पूजेला बसता येतं."

स्वामी तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी शास्त्र निघणार.

"बाई, मी बीपीची गोळी घिऊनच पूजेला बसतो," ते म्हणाले. "न्हाई घेतली तर लिंगाच्या आधी मीच पडंन. गोळी का जेवण हाय?" मग आप्पांकडं वळून, "घे रे. हुकूम हाय माझा."

तिथंच खाटेवर त्यांनी पूजा केली आणि आप्पांच्या गळ्यात लिंग बांधलं. नर्सनं गादीवर भस्म सांडू नका म्हणून दोनदा सांगितलं. आप्पांनी गोळी घेतली. गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते घशामुळं की कशामुळं, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर उरलेल्या दिवाळीत उमा माझ्यापाशी बसून सीताफळाचा गर काढायची, बिया वेगळ्या करायची. बियांचा ढीग काळाभोर चकाकायचा. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, तू करतेस काय. मी चौथी शिकलेली. तिनं मला समजेल असं सांगितलं, पण गोड करून सांगितलं नाही, हे तिचं बरं आहे.

"मामी, मेंदूत खालच्या अंगाला एक लहान जागा हाय. तिथल्या पेशींमुळं हातपाय वळणानं चालतात. मामाच्या त्या पेशी मरत चालल्यात."

"कावून?"

"तेच शोधतेय."

"मंजी माहीत न्हाई."

"थोडं माहीत हाय. पेशीच्या आत बारीक दाण्यांसारखं असतं काही. मायटोकॉन्ड्रिया. पेशीला लागणारी सगळी ताकद तिथं तयार होती. त्यातले काही खराब होत जातात. चांगली पेशी खराब दाणा ओळखती, त्याला खूण करती आणि मोडून टाकती."

"पेटीतलं नासकं फळ काढतात तसं."

"तसं न्हाई. फळ बाहेर फेकता येतं. पेशीला बाहेर फेकायला जागा न्हाई, आतच मोडायचं आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरायचं. माझ्या चिलटांत ती खूण करणारी वस्तूच मी बिघडवलीय. मग खराब दाणे साचतात, चिलटं लंगडी होतात."

"चांगल्या चिलटाचं वाटोळं करायचं आणि मग दुरुस्त करायचं?"

"हां."

"ह्याला शिक्षण म्हणतात?"

ती खळखळून हसली. त्या दिवाळीत पहिल्यांदाच.

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं आहे. म्हणाली, पेशी नुसती बंद पडून मरते असं नाही. बऱ्याच वेळा ती स्वतःच मरते. आत फार बिघाड झाला की आतूनच हुकूम सुटतो, आणि ती स्वतःला मोडून, आवरून संपवते. अंगाला त्याची गरजही असते. पण काही वेळा हुकूम लवकर सुटतो. वाचण्याजोगी पेशीसुद्धा मरून जाते. आणि मेंदूतली ही पेशी एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तो हुकूम जरा थांबवता येतो का, तेवढ्या वेळात आतली साफसफाई करता येते का, हे ती बघते.

मी बिया निवडत राहिले. मला खाटेवरचे आप्पा दिसले. त्यांचाही हुकूम लवकरच सुटला होता. स्वामींनी येऊन तो थांबवला, एवढंच तर झालं. हात आधीसारखा झाला नाही, रोग गेला नाही, पण थांबलं. मला वाटायचं, बरं करणं म्हणजे रोग घालवणं. थांबवणं हेही काम आहे, आणि ते कोणीतरी येऊन करावं लागतं, हे मला त्या सीताफळांच्या दिवसांत कळलं. मी हे उमाला बोलले नाही. तिला तिच्या चिलटांचं बघू दे.

पुढं थंडीत आप्पांना मोठ्या डॉक्टरांना दाखवायला पुण्याला नेलं, तेव्हा उमानं आम्हाला तिच्या प्रयोगशाळेत नेलं. मला वाटलं होतं चकचकीत काही असेल. आत गेल्याबरोबर आमच्या दुकानाचा वास आला. गूळ आणि मक्याचं पीठ शिजवून चिलटांना घालतात. मी म्हटलं, "तुमची चिलटं आमच्यापेक्षा बरं खातात की." तिथली पोरं हसली. काचेच्या नळ्यांत कापसाचे बोळे लावून चिलटं ठेवलेली, नळीवर नावं. बंदोबस्त चोख.

उमानं एक नळी उचलली आणि मऊ गादीवर ठोकली. चिलटं सगळी तळाला पडली आणि लगेच काचेवरून सरसर वर चढली. "ही चांगली," ती म्हणाली. दुसरी ठोकली. त्यातली तळालाच राहिली, आपल्या पायांत आपण अडकल्यासारखी. एकदोन थोडी चढली आणि घसरली. आप्पा खुर्चीतून पुढं वाकून बघत होते. त्यांचा हात मांडीवर नाचत होता.

"ही मी," ते म्हणाले.

उमानं ती नळी बाजूला ठेवली. मला ते आवडलं नाही, पण खोटंही नव्हतं.

मग तिनं तिसरी नळी आणली. यातली चिलटंही बिघडवलेलीच, पण यांना त्या खराब दाण्यांचा निचरा करायला मदत व्हावी म्हणून काही दिलेलं. काय दिलं ते मला सांगता येणार नाही. तिनं ठोकलं. सगळी पडली. काही तिथंच राहिली. काही निघाली. त्यातलं एक अर्ध्यापर्यंत गेलं आणि थांबलं. खाली येतंय की वर जातंय कळेना. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि दुकानातल्या आवाजात ओरडले, "आरं, चढ की बे!"

सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली. चिलट थोडं वर गेलं. अगदी वर नाही गेलं. पण गेलं.

उमा म्हणाली, "मामा, चिलटाचं झालं मंजी माणसाचं झालं असं न्हाई. कदाचित हे काईच निघणार न्हाई. आन् निघालं तरी तुमच्या टायमाला पोचणार न्हाई."

"मला कुठं पायजे?" आप्पा म्हणाले. "कुणाच्या तरी पोचंल. तू ठोकत राह्य." आणि मग थोडं थांबून, "पण मला ठोकू नको म्हंजे झालं."

ती अजून ठोकतेच आहे. मध्ये एकदा फोनवर म्हणाली, वर्षभराचं काम वाया गेलं, नव्यानं सुरू केलं. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? दुकानात मुंगळे लागून ढेपच्या ढेप वाया गेलेली आहे माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच की. आवाजावरून तरी ती थकलेली वाटली, हरलेली नाही. ती नवी चिलटं कशी वाढवतेय ते सांगत बसली आणि मी चूल विझेपर्यंत ऐकत राहिले. आता केजात कोणी तिला चिलटांची डॉक्टर म्हणालं तर मी म्हणते, हां, तीच.

रशीदभाई आता ठेल्यावर कमी बसतात, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण सीताफळ हातानं दाबून पिकलं की नाही ते सांगतात. आप्पांची पावलं आखडतात, बोलणं बारीक झालंय, जेवायला लई वेळ लागतो. सकाळी उठल्याबरोबर गोळी, मग अंघोळ, मग थोडं थांबून पूजा. कधी हात निवतो, कधी नाही. नाही निवला तर मी त्यांच्या तळहाताखाली माझा हात धरते. आमच्यात असं चालतं की नाही, मी कोणाला विचारलेलं नाही.

स्वामी पुढच्याच उन्हाळ्यात वारले, झोपेत. आप्पा त्यांच्या मातीला गेले होते. त्या दिवाळीत मरायला निघालेला माणूस घरात एकच होता, आणि तो जिवंत आहे.